रस्ते दुरुस्तीचा पैसा नेमका कुठे कापला जातो? (तालुक्याच्या गावांतील रस्ते, नाल्या आणि पथदिवे)

जिनिंग रोड (धागाकर्ता)

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. २०१५ च्या सुमारास राज्यातील इतर अनेक तालुका मुख्यालयांप्रमाणे येथेही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. मी येथील शाळेत शिक्षक आहे. माहितीच्या अधिकारात मागील काही वर्षांची अंदाजपत्रके मिळवून ती सावकाश वाचली, आणि त्यांतून निर्माण झालेला प्रश्न येथे मांडत आहे.

नवीन सिमेंट रस्ते, गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवणे, प्रवेशद्वाराची कमान, सभामंडप या कामांच्या रकमा दरवर्षी वाढत्या आहेत. याउलट ‘रस्ते दुरुस्ती’, ‘नाली दुरुस्ती’ आणि ‘दिवाबत्ती देखभाल’ या तीन ओळींतील तरतूद घटत गेली आहे, आणि शेजारच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यातील आकडा त्या तरतुदीच्याही बराच खाली आहे. बसस्थानकापासून आठवडी बाजारापर्यंतचा डांबरी रस्ता तीन पावसाळ्यांत उखडला, पण त्याच काळात त्याच प्रभागात दोन नवीन सिमेंटच्या गल्ल्या झाल्या. देखभालीचा खर्च कमी करावा असा ठराव मात्र एकाही सभेच्या इतिवृत्तात सापडत नाही. कोणी कापलेच नाही, तर कापले गेले कसे? लेखा, बांधकाम किंवा पंचायतीच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे. आमदार-नगरसेवकांना शिव्या देणारे प्रतिसाद नकोत, ते चौकात रोज ऐकायला मिळतात.

अडतदुकान

गुरुजी, आधी हे विचारा की गावात घरटॅक्स किती जण वेळेवर भरतात. आमच्या ओळीतल्या निम्म्या दुकानांची थकबाकी आहे, आणि रस्त्यावर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो.

रोजमेळ

मी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अडतदुकान यांचा मुद्दा खोटा नाही, परंतु तो शेवटचा मुद्दा आहे, पहिला नव्हे.

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान सुरू झाले. ते अनुदान मुख्यतः वेतनात जाते. जकातीचा पैसा रोज नाक्यावर जमा होत असे आणि तो कुठे खर्च करायचा हे नगरपरिषद ठरवत असे, त्यामुळे पावसाळ्यात खड्डा पडला तर चार ट्रॅक्टर मुरूम आणण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नसे. नंतर उरले ते मालमत्ता कर, बाजार फी, गाळेभाडे आणि परवाना शुल्क. दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीच्या नगरपंचायतीत या सर्वांची बेरीज किती होणार? त्यातून वीजबिल, पाणीपुरवठ्याचा खर्च आणि कंत्राटी सफाई कामगारांची मजुरी भागवल्यावर जे उरते, त्याला आम्ही कागदावर देखभाल म्हणतो.

आता केंद्राच्या निधीकडे या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी आमच्यासारख्या संस्थांना मिळणारा ६० टक्के भाग बंधित आहे, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. उरलेला ४० टक्के अबंधित असला, तरी त्यातून वेतन आणि आस्थापना खर्च करता येत नाही. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. पण रस्त्याची देखभाल हे मुळात माणसांचे काम आहे. नाली उपसणारे दोघे आणि खड्डा बुजवणारे चौघे वर्षभर पदरी ठेवायचे असतील तर तो खर्च आस्थापनेत मोडतो, आणि तेच काम तीन वर्षे न करता शेवटी नवा रस्ता केला तर तो विकासात मोडतो. लेखापाल म्हणून मी दोन्ही देयके पारित केली आहेत. दुसऱ्या देयकावर एकही आक्षेप कधी आला नाही.

गुरुजींनी विचारलेली थेट कपात एकदा उघडपणे झाली होती. कोरोनाच्या काळात, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने विकासकामांच्या निधीपैकी केवळ ३३ टक्केच त्या वर्षी मिळेल असा शासन निर्णय काढला आणि नवी कामे थांबवली. ती कपात कागदावर होती, तिची बातमी झाली, आणि पुढे निधी हळूहळू पूर्ववतही झाला. दुरुस्तीच्या ओळीला मात्र पूर्ववत होण्यासाठी पाठपुरावा करणारा कोणी नसतो. पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक करताना मागील वर्षीचा प्रत्यक्ष खर्च पाहिला जातो. तो पैशाअभावी कमी झालेला असतो, आणि त्यालाच गरज समजून नवी तरतूद धरली जाते. असे दोन-तीन वेळा झाले की ठराव न करताही ओळ आटते.

काळी माती

सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. रोजमेळ साहेबांनी पैशाची बाजू मांडली आहे, मी जमिनीवरची सांगतो.

पूर्वी रस्त्यावर मैलकुली असत. प्रत्येकाकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा, त्यांच्यावर मुकादम, आणि त्यांच्याजवळ फावडे, घमेले, टिकास आणि धुम्मस. रोजंदारीवर लागलेल्या मजुरांना सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर कालेलकर करारान्वये रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेतले जात असे. ही माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. कोणाला काढून टाकले नाही, त्यामुळे आंदोलन झाले नाही, बातमी झाली नाही. अंदाजपत्रकातील बचत म्हणून ती गोष्ट चांगलीच दिसली असेल.

मैलकुली काय करत असे, हे आजच्या कनिष्ठ अभियंत्यांनाही सांगावे लागते. मृगाच्या आधी तो मोऱ्यांची तोंडे मोकळी करी. पाऊस सुरू असताना रस्त्यावर पाणी साचलेले दिसले की साइडपट्टीला आडवा चर मारून ते बाहेर काढी. पाऊस सरला की वाढलेले गवत कापून साइडपट्टीवर मुरूम टाकी आणि उतार पुन्हा बाहेरच्या बाजूला देई. यात डांबराचा थेंबही लागत नाही. तरीही रस्त्याचे आयुष्य ठरते ते याच कामांवर, कारण आपल्याकडे रस्ता काळ्या मातीवर उभा असतो.

पश्चिम विदर्भातील ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हातभर खोल भेगा पडतात. शेतात हे गुण कपाशीला मानवतात, रस्त्याला नाही. साइडपट्टी दुर्लक्षित राहिली की कडेची माती आणि गवत डांबराच्या पातळीच्या वर येते, रस्त्याचे पाणी बाहेर न जाता कडेला थांबते, कडेवरून खाली भरावात मुरते, आणि भराव मऊ झाला की जड वाहनाच्या चाकाखाली कडा खचते. कडा खचल्या की रस्ता अरुंद होतो, सर्व वाहने मधल्या पट्ट्यातून जातात आणि मग मधला भाग फुटतो. लोकांना फक्त मधला खड्डा दिसतो. त्याआधीची दोन वर्षे कडेला काय चालले होते, हे पाहणारा माणूसच आता नाही.

खर्चाचा हिशेब अनेक देशांत झालेला आहे. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोन दशकांत देखभालीअभावी सुमारे ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते वाया गेले, आणि वेळीच देखभाल केली असती तर हे १२ अब्जांहून कमी खर्चात टाळता आले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या खात्यात त्याची प्रत फिरली होती. त्यानंतर मैलकुलींची भरती झाली नाही, हेही सांगून टाकतो.

वर्धेकाठची

अभियंता साहेबांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. नवीन सिमेंट रस्त्यांबद्दल मात्र मला एक वेगळी गोष्ट नोंदवायची आहे, कारण माझ्या मते देखभालीची कपात सर्वांत आधी घरात शिरते, आणि ती बायकांना उपसावी लागते.

आमच्या गल्लीत जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर ओतला गेला. पुढे काही वर्षांनी आणखी एक. प्रत्येक वेळी रस्ता वर चढला आणि घरांचे उंबरठे खाली राहिले. पूर्वी अंगणातले पाणी रस्त्याकडे जात असे, आता रस्त्याचे पाणी अंगणात येते. नाली रस्त्यासोबत बांधली होती, पण तिचा उतार पुढच्या मोरीशी जुळवलेला नाही आणि ती उपसायला महिनोन्‌महिने कोणी येत नाही. त्यामुळे ती नाली पाणी वाहून न नेता साठवते. डासांची तक्रार केली की फवारणी होते, ती आरोग्याच्या खर्चात पडते. नाली उपसण्याचे पैसे वाचले आणि फवारणीचे लागले, इतकाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट पथदिव्यांची. माझे माहेर लहान गावात आहे, तेथे अजून ग्रामपंचायत आहे. २०२१ मध्ये थकीत बिलांपायी राज्यातील अनेक गावांतील पथदिव्यांची वीज तोडली गेली, त्यांत आमचेही गाव होते. नंतर ही बिले वित्त आयोगाच्या निधीतून भरण्यास शासनाने ग्रामपंचायतींना सांगितले. दिवे लागले, हे चांगले झाले. पण जो निधी गावाच्या आराखड्यातील कामांसाठी होता त्यातून बिल गेले, आणि त्या वर्षी स्मशानभूमीच्या वाटेवरचे मुरमीकरण राहिले. प्रत्येक घराकडून दिवाबत्ती कर घेतला जातो, तो वर्षाकाठी इतका थोडा असतो की त्यातून बिलही निघत नाही, मग नादुरुस्त दिवा बदलण्याचे तर नावच नको. पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या मजूर बाया टॉर्चच्या उजेडात चालतात.

अडतदुकान

ताई, उंबरठ्याचे अगदी खरे आहे. माझ्या दुकानाला पूर्वी दोन पायऱ्या चढून यावे लागे, आता एक उतरावी लागते. तरी थकबाकीचा मुद्दा मी सोडणार नाही.

बयाणा रक्कम

मी नोंदणीकृत कंत्राटदार आहे. धाग्यात अजून आमच्यावर कोणी घसरले नाही याबद्दल आभार, म्हणून स्वतःहून लिहितो.

दुरुस्तीचे काम आम्हाला नको असते, आणि त्याला कारण आहे. दुरुस्ती म्हणजे वीस ठिकाणी विखुरलेले लहान काम. डांबराचा प्लँट चाळीस किलोमीटरवर असेल तर डांबर-खडीचे मिक्स टिप्परने येईपर्यंत थंड होते, रोलर दर खड्ड्याला हलवावा लागतो, आणि मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहावी लागते. एकसंध पाचशे मीटर सिमेंट रस्ता केला तर मोजमाप एका पानात होते. त्यात स्पर्धेमुळे निविदा अंदाजपत्रकीय दरापेक्षा बऱ्याच खाली भरल्या जातात. मग खड्डा चौकोनी कापणे, साफ करणे, टॅककोट (जुना आणि नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात) मारणे, थर देऊन दाबणे यांपैकी काय वगळले जात असेल, ते वाचकांनी ओळखावे. मी त्याचे समर्थन करत नाही.

देयकांची स्थिती त्याहून कठीण आहे. २०२५ मध्ये राज्यभरातील कंत्राटदार संघटनांनी थकीत देयकांसाठी आंदोलन केले, हे सर्वांनी वाचले असेल. मोठ्या योजनेतील थकीत बिल आज ना उद्या निघते, कारण त्यामागे कोणीतरी वजनदार माणूस असतो. नगरपंचायतीच्या स्वनिधीतून करायच्या दुरुस्तीचे बिल मात्र वसुली झाली तरच निघते. त्यामुळे दोन-दोन वेळा निविदा काढूनही कोणी येत नाही, तरतूद अखर्चित राहते, आणि मग रोजमेळ साहेबांनी सांगितले तसे पुढच्या वर्षी ती आणखी कमी होते.

रपटा

मी गडचिरोलीच्या दक्षिण भागातला. येथे काळ्या मातीपेक्षा पाऊस आणि वजन हे दोन प्रश्न मोठे आहेत.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्यांची पहिली पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच असते. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण त्या पाच वर्षांत रस्ता खरोखर चांगला राहिलेला मी पाहिला आहे. सहाव्या वर्षापासून तो जिल्हा परिषदेच्या देखभाल निधीवर येतो. लेखाशीर्ष ३०५४ (अंदाजपत्रकातील रस्ते व पुलांचे खाते) खाली मिळणाऱ्या पैशात इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची इतकी मोठी लांबी वाटायची असते की प्रत्येक रस्त्याची पाळी यायला वर्षे लागतात. तोवर एका पुरात रपट्याचे, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाचे, दोन्ही बाजूंचे भराव वाहून जातात, आणि शाबूत रपटा नाल्याच्या मध्यभागी एकटा उभा दिसतो.

वजनाबद्दल सांगायचे तर, रस्त्याची हानी ही आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेतील १९५८ ते १९६० च्या रस्ता चाचण्यांतून दिसून आले. भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यानंतर आष्टी–आलापल्ली मार्गाची जी अवस्था झाली ती विदर्भभर माहीत आहे. तुमच्याकडे रेतीचे टिप्पर असतील, वणी-चंद्रपूरकडे कोळशाचे ट्रक, आणि समृद्धी महामार्गाच्या बांधकामाच्या काळात वर्धा ते बुलढाणा या पट्ट्यातील गावरस्त्यांवरून मुरमाचे टिप्पर गेले. या रस्त्यांचे देखभालीचे गणित मात्र बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एसटी एवढ्यासाठीच मांडलेले राहिले. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात २०१५ पासून पैसा जमा होतो आणि तो रस्त्यांसाठीही वापरता येतो, पण तेथेही पुन्हा नवीन कामच सुचवले जाते.

जिनिंग रोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. प्रतिसादांवरून असे दिसते की आमच्या गावात एका जागी सुरी चाललेली नाही. जकात गेली, माणसांवर खर्च करायची मुभा गेली, मैलकुली गेले, कंत्राटदाराला काम परवडेना, आणि वाहनांचे वजन वाढले.

एक प्रश्न राहतो. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने पूर्वीही सांगितले आहे. यामुळे देखभालीच्या ओळीला काही वजन येईल का?

रोजमेळ

थोडे येईल, पण मला काळजीही वाटते. भरपाई आधी संस्थेने द्यायची आणि नंतर दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची, अशी त्याची रचना आहे. लहान नगरपंचायतीत पहिला भाग लवकर होईल, दुसरा कितपत होईल हे मी सांगू शकत नाही. तसे झाल्यास भरपाई त्याच स्वनिधीतून जाईल, ज्यातून खड्डा बुजवायचा होता.

काळी माती

मी रोजमेळ साहेबांशी येथे सहमत नाही. मी सेवेत असताना खड्डा न बुजवल्याबद्दल कोणाला कधी साधी नोटीसही मिळालेली पाहिली नाही, उलट तरतुदीबाहेर खर्च करून तो बुजवल्याबद्दल मिळालेली पाहिली आहे. हा तोल थोडा जरी हलला तरी मुख्याधिकारी अंदाजपत्रकात दुरुस्तीची ओळ स्वतःहून मोठी करतील.

पण त्याआधी कोणता रस्ता कोणाचा आहे हे निश्चित असले पाहिजे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि गावातील अंतर्गत रस्ते स्थानिक संस्थेकडे, अशी साधारण वाटणी आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की हद्दीतले काही रस्ते हस्तांतरित होतात, काहींचे फक्त पत्र निघते, आणि काहींचे पत्रही निघत नाही. २०१७ मध्ये महामार्गालगतच्या दारूदुकानांवर बंदी आली, तेव्हा शहरांतून जाणारे महामार्गांचे तुकडे स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याची किती घाई झाली होती, हे आठवत असेल. एरवी तेच काम दहा वर्षे पडून राहते.

माजी सरपंच

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. गुरुजी, तुम्ही अंदाजपत्रके मिळवलीत, आता आणखी एक कागद मागा. ग्रामपंचायतीत नमुना २३ असतो, तो ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीचा. त्यात रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी आणि दुरुस्तीचा खर्च लिहावा लागतो. माझ्या काळात आम्ही तो दरवर्षी लिहीत होतो असा दावा मी करणार नाही, पण वही होती. नगरपंचायत स्थापन होताना दप्तर हस्तांतरित झाले असेल तर त्यात ती असायला हवी. त्यातील रस्ते आणि आजच्या अंदाजपत्रकातील रस्ते समोरासमोर ठेवा. जे रस्ते दोन्हीकडे नाहीत, त्यांच्या दुरुस्तीसाठी तरतूद होणारच नाही, मग करवसुली शंभर टक्के झाली तरी.

जिनिंग रोड (धागाकर्ता)

सरपंच साहेब, नमुना २३ आणि दप्तर हस्तांतरणाची यादी, या दोन्हींसाठी अर्ज आज टाकला. बसस्थानक ते बाजार हा तुकडा त्यात नसेल, असा माझा अंदाज आहे, कारण तो पूर्वी प्रमुख जिल्हा मार्गाचा भाग होता आणि बाहेरचा वळणरस्ता झाल्यावर त्याचे काय झाले हे कार्यालयात तिघांनी तीन प्रकारे सांगितले. काळी माती साहेब, असा सोडून दिलेला तुकडा कोणाच्या नावावर राहतो?

काळी माती

हस्तांतरणाचा आदेश निघेपर्यंत बांधकाम विभागाच्याच. उपविभागीय कार्यालयात रस्त्यांचा तक्ता असतो, त्यात साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह) तो तुकडा दाखवलेला असेल. नगरपंचायतीकडे अर्ज केलाच आहे, तर दुसरा अर्ज तेथेही द्या, आणि त्यावर शेवटचा सीलकोट (पाणी मुरू न देणारा वरचा डांबरी थर) कोणत्या वर्षी झाला, हे अवश्य विचारा. तोपर्यंत नगरपंचायतीने त्यावर काळी माती टाकून खड्डे बुजवू नयेत, एवढे तरी त्यांना तोंडी सांगा. मुरूम नसेल तर खड्डा तसाच राहू द्यावा, पण कडेला चर मारून पाणी मात्र काढून द्यावे.